वस्तीतल्या मुलांना कोर्स मिळतो, नोकरी टिकत नाही : काय करता येईल?

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी.

पुण्यात दांडेकर पूल, जनता वसाहत या भागातल्या मुलामुलींना दहावी-बारावीनंतर (आणि बऱ्याचदा दहावी-बारावी राहिल्यानंतर) पुढे काय करता येईल, हे सांगायचं काम आम्ही काही जण संध्याकाळी एका अभ्यासिकेत करतो. नोंदणीकृत संस्था नाही, निधी नाही. कुणाचा आयटीआयचा फॉर्म भरून द्यायचा, कुणाचा १७ नंबरचा (शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीला बसायचा), कुणाला एखाद्या मोफत कोर्सच्या केंद्रावर नेऊन बसवायचं, असं चालतं.

आधी हे सांगते की कोर्स मिळण्याची अडचण आता फारशी उरलेली नाही. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली, मग तिचे पुढचे टप्पे आले. कंपन्यांच्या सीएसआरच्या (समाजकार्यासाठी काढलेल्या) पैशांवर चालणारी केंद्रं वेगळी. पुण्यात महापालिकेच्या जागेत चालणारी लाइटहाऊस केंद्रं औंधपासून सुरू झाली आणि बऱ्याच भागांत पोचली. टॅली, रिटेल, जीडीए (हॉस्पिटलमधला पेशंट-मदतनीस), ब्युटी पार्लर, मोबाइल रिपेअरिंग, नर्सरी टीचर, सगळं आहे आणि तेही फुकट किंवा नावापुरत्या फीत.

घोडं अडतं ते पुढे. कोर्स होतो, प्रमाणपत्राचा फोटो स्टेटसला लागतो, नोकरी लागते आणि दोन-तीन महिन्यांत पोरगं घरी. विचारलं की उत्तर ठरलेलं, "ताई, परवडत नव्हतं." लोक याला आळस म्हणतात. मी एका मुलाचा हिशेब त्याच्या शेजारी बसून कागदावर मांडला. वाकडला मॉलमध्ये नोकरी. कागदावर चौदा हजार, पीएफ-ईएसआय कापून हातात बारा. जाताना मनपाच्या स्टॉपवर बस बदलायची. रात्री दुकान बंद करून हिशेब जुळवेपर्यंत साडेदहा-अकरा, तेव्हा बस मिळेलच असं नाही, मग आठवड्यातून दोन-तीनदा रिक्षा. काळे बूट आणि काळी पँट स्वतःच्या पैशांनी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो महिन्याच्या २२ तारखेला रुजू झाला, पगाराची कट-ऑफ २० ची. म्हणून पहिला पगार हातात पडला तो दीड महिन्याने. आई चार घरची धुणीभांडी करते, खोलीचं भाडं पाच तारखेला द्यावं लागतं. त्या दीड महिन्यात त्याने बाइकवर डिलिव्हरी करणाऱ्या मित्राकडून उसने घेतले (त्याला आठवड्याला पैसे मिळतात) आणि पगार आला तो उसनवारीत गेला.

माझं मत आता असं झालंय की कोर्स कुठला आणि किती महिन्यांचा यावर फार काही अवलंबून नाही. शिकताना घरात चार पैसे येतात का आणि नोकरीच्या पहिल्या तीन महिन्यांत त्या मुलाच्या पाठीशी कुणी उभं आहे का, यावर सगळं ठरतं. सरकारी योजना असो की संस्थेची, तिचा जीव प्लेसमेंटच्या आकड्यापाशी संपतो. नोकरी लागली की फाइल बंद.

इथे या क्षेत्रातले बरेच जण आहेत. आयटीआयवाले, कंपन्यांमधले, संस्थांमधले आणि स्वतः या वाटेने गेलेलेही. तुमच्याकडे काय चाललं, काय चाललं नाही, मोकळेपणाने लिहा. जूनपासून नवी मुलं यायला लागतील. त्यांच्यासमोर काय मांडायचं ते मला ठरवायचं आहे.

---

कानस आणि गुण्या

चांगला विषय काढलात ताई. मी शासकीय आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक आहे, त्यामुळे माझा कल आयटीआयकडे असणार हे गृहीत धरून वाचा.

तीन महिन्यांच्या कोर्समध्ये हात तयार होत नाही. फिटरच्या पोराला पहिले काही आठवडे आम्ही फक्त कानस चालवायला देतो. व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा धरायचा, कानशीने घासायचा आणि गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरून बघायचा. गुण्या आणि धातू यांच्या फटीतून उजेड दिसला की परत घास. पोरं कंटाळतात, हाताला फोड येतात, काही जण पहिल्याच महिन्यात गळतात. पण जो टिकतो त्याला पुढे व्हर्निअर, मायक्रोमीटर, ड्रिलिंग, टॅपिंग शिकताना जड जात नाही, कारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्याच्या बोटांना कळायला लागलेला असतो. हे चाळीस-पन्नास तासांच्या व्हिडिओतून येत नाही.

आता तुमच्या मूळ मुद्द्याकडे. दोन वर्षं घरात पैसा नाही, हेच आमच्याकडे गळतीचं मुख्य कारण. विद्यावेतन महिन्याला ४० रुपये होतं, कित्येक वर्षं तेवढंच. २०२३ मध्ये सरकारने ते ५०० केलं. वाढलं याचा आनंद आहे, पण ५०० रुपयांत बसचा पासही महिनाभर निघत नाही. म्हणून माझी पोरं दुपारी वर्कशॉप सुटलं की केटरिंगला जातात, लग्नाच्या सीझनमध्ये तर हजेरीवर सरळ परिणाम दिसतो. मी त्यांना दोष देत नाही.

तरी मी आयटीआय का सांगतो? एक, प्रमाणपत्र केंद्रीय आहे, देशात कुठेही चालतं. दोन, पुढची दारं उघडी राहतात. दहावी पास असून दोन वर्षांचा ट्रेड केला तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. रेल्वे, महावितरण, डॉकयार्ड इथल्या कारागीर जागांना आयटीआय लागतो. छोट्या कोर्सचं प्रमाणपत्र घेऊन यातल्या एकाही दारात उभं राहता येत नाही, आणि हे त्या मुलांना कोर्सला बसवताना कुणी सांगत नाही.

---

सदाशिवातली शिवानी

वाचतेय. फार महत्त्वाचा धागा. ताई, तो हिशेबाचा कागद प्रत्येक सीएसआर मीटिंगमध्ये फिरवायला हवा.

---

चाकण चौक

मी चाकणला एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआर बघतो. कंपन्यांची बाजू कुणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितो, आणि जी बाजू लंगडी आहे तीही लिहितो.

आम्हाला ॲप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) घ्यावेच लागतात. कायदा १९६१ चा, पण २०१९ मध्ये नियम बदलले. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या त्याच नियमांत किमान विद्यावेतन ठरलं होतं: पाचवी ते नववी शिकलेल्याला ५,०००, दहावी पासला ६,०००, बारावी किंवा आयटीआयवाल्याला ७,०००, पदविकेला ८,०००, पदवीधराला ९,०००. २०१६ पासून जी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजना चालू आहे, तिच्यात विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. शिकताना पैसा हा ताईंचा मुद्दा कायद्यात आधीच मान्य झालेला आहे.

मग बिघडतं कुठे? वस्तीतल्या मुलांना हे माहीतच नसतं. ॲप्रेंटिसशिपचं पोर्टल आहे, तिथे स्वतःची नोंदणी करता येते, कंपन्यांच्या जागा दिसतात. आमच्याकडे अर्ज येतात ते लातूर-बीड-नांदेडच्या आयटीआयमधल्या मुलांचे. ती मुलं चार-चार जण खोली करून राहतात आणि टिकतात. पुण्याच्या वस्तीतून चाकणला येणारा पोरगा मात्र कंपनीची बस नसेल तर आठवड्यात सोडतो. फर्स्ट शिफ्ट सकाळी साडेसहा-सातची. पर्वतीवरून निघायचं तर चारला उठायला हवं.

लंगडी बाजू अशी की ॲप्रेंटिसला पीएफ-ईएसआय लागू नाही आणि मुदत संपल्यावर कायम करायचं बंधन नाही. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडे स्वस्तातले हात म्हणूनच बघतात. आधी 'नीम ट्रेनी' नावाचा असाच प्रकार होता, त्या योजनेचा इतका गैरवापर झाला की शेवटी ती बंदच करावी लागली. मुलगा वर्षभर एकाच मशीनवर लोडिंग-अनलोडिंग करत राहतो आणि बाहेर पडतो तेव्हा त्याला तेवढंच येत असतं. कुणाला पाठवताना एक प्रश्न जरूर विचारा: "मागच्या वर्षीचे ॲप्रेंटिस आता कुठे आहेत?" उत्तर देताना एचआर अडखळला तर तिथे पाठवू नका.

आणि एक गोष्ट मनापासून. मुलं न सांगता गायब होतात. फोन बंद. तुम्ही परिस्थिती सांगता ती पटते, पण सुपरवायझरला सकाळी लाइनवर माणूस हवा असतो. 'उद्या येणार नाही' एवढा मेसेज आला तरी आम्ही सांभाळून घेतो.

---

पर्वतीपायथा

@चाकण चौक, तुमचा प्रतिसाद आमच्या सगळ्या मुलांना वाचून दाखवणार आहे. 'मागच्या वर्षीचे कुठे आहेत' हा प्रश्न फार मोलाचा.

न सांगता गायब होण्याबद्दल थोडं सांगते. यातल्या बऱ्याच मुलांनी आयुष्यात रजा मागितलेली नाही. आई-वडील रोजंदारीवर, गेलं तर पैसे, नाही गेलं तर नाहीत. सुट्टीसाठी कुणाला विचारायचं असतं, त्याचा मेसेज लिहायचा असतो, हे घरात कुणी पाहिलेलंच नसतं. शिवाय ओरडा खाण्याची भीती. म्हणून पहिल्या दिवशी चुकलं की दुसऱ्या दिवशी जायची लाज वाटते, आणि तिसऱ्या दिवशी नोकरी सुटलेली असते. हे शिकवता येतं, अगदी तासाभरात येतं. आम्ही आता सुपरवायझरला करायच्या फोनची तालीमच घेतो. पण मुलाने तो फोन केल्यावर समोरून "उद्यापासून येऊच नकोस" असं ऐकू येऊ नये, एवढं तुमच्या बाजूने व्हायला हवं.

---

रात्रपाळीची सिस्टर नव्हे

मी स्वतः याच वाटेने आले म्हणून लिहिते. माझी बारावी आर्ट्स, बाबा नाहीत, आई शिवणकाम करते. एका संस्थेतून जीडीए केलं, म्हणजे हॉस्पिटलमध्ये पेशंटची देखभाल. आता एका खासगी हॉस्पिटलमध्ये आहे. आम्ही नर्स नसतो, पण पेशंट सिस्टरच म्हणतात.

कोर्समध्ये बाहुलीवर शिकवलं होतं. वॉर्डात पहिल्या आठवड्यात पॅरालिसिसचे आजोबा होते, वजनाने चांगले भारी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी एकटीने ओढायला गेले तर ते कण्हले. तिथल्या मावशींनी शिकवलं की खालची आडवी चादर दोघींनी दोन्ही बाजूंनी गुंडाळून धरायची, एक-दोन-तीन म्हणायचं आणि चादरीसकट माणूस वळवायचा. युरिन बॅग रिकामी करताना माप लिहून ठेवायचं, तेही त्यांनीच सांगितलं. त्या मावशींकडे कुठलंच प्रमाणपत्र नाही. त्यांचा पगार माझ्याहून कमी आहे, हे मला अजून सलतं.

मी टिकले त्याचं कारण सांगते. आमच्या कोर्सच्या ताई दर रविवारी फोन करायच्या. नोकरी सोडायचा विचार मी तिसऱ्या आठवड्यातच केला होता. कामाचं काही नव्हतं, नाइट ड्युटीवरून घरात भांडणं सुरू झाली होती. मामा म्हणाले, मुलीच्या जातीने रात्री बाहेर कशाला. ताई घरी आल्या, आईला आणि मामांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेल्या, रात्री आम्ही कुठे बसतो, बाथरूम कुठे आहे, सिक्युरिटी कोण आहे, सगळं दाखवलं. मामा तेव्हापासून गप्प आहेत. माझ्याबरोबरच्या ज्या मुलींच्या घरी असं कुणी गेलं नाही, त्यांच्यातल्या बहुतेकींनी सोडलं, दोघींची लग्नं झाली.

आता एएनएम (सहायक नर्सिंग) करायचं आहे. दोन वर्षांचा कोर्स, बारावीवर होतो. पण पुन्हा तेच, दोन वर्षं पगार बंद. मी कमावते त्यावर धाकट्या भावाची शाळा चालते. कुणी नोकरी करत करत पुढचं नर्सिंग शिकायचा मार्ग काढला तर आमच्यासारख्या कितीतरी जणी शिकतील.

---

कुर्ला टर्मिनस

वरचा प्रतिसाद वाचून खूप वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. ताई, तुम्ही एएनएम कराल.

मुंबईतून लिहितो. मी एका रात्रशाळेत शिकवायचो. शाळा संध्याकाळी साडेसहा-सातला भरते. पोरं दिवसभर कॅन्टीन, गॅरेज, कुरिअर अशी कामं करून थेट वर्गात येतात. गणित सुरू केलं की पुढच्या बाकावरच्याचे डोळे मिटायचे. ती झोप कंटाळ्याची नव्हती, पोटात काही नसल्याची होती. 'मासूम' ही संस्था २००८ पासून रात्रशाळांबरोबर काम करते. त्यांनी अभ्यासाच्या साधनांबरोबर मुलांच्या खाण्याकडेही लक्ष दिलं. शिक्षण खात्याच्या कागदपत्रांत रात्रशाळेची नोंद तुकड्या आणि पटसंख्या इतकीच असते, पण शहरात काम करत दहावी होण्याची ही सगळ्यात जुनी वाट आहे.

दुसरं, हा विषय आजचा नाही. वांद्र्याच्या खेरवाडीत बाळासाहेब खेरांनी १९२८ मध्ये सुरू केलेल्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनमधून १९९८ मध्ये 'युवा परिवर्तन' उभं राहिलं, तेही शाळा सुटलेल्या पोरांसाठीच. 'प्रथम' १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झाली. लहान मुलांच्या वाचनापासून सुरुवात करून पुढे तीही रोजगाराच्या प्रशिक्षणात आणि दहावी सुटलेल्या बायका-मुलींना परत परीक्षेला बसवण्यात उतरली. शहरातल्या मुलांचं हे दुखणं या संस्थांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

मला लिहायचंय ते कागदपत्रांबद्दल, कारण वर कुणी ते काढलं नाही. आमच्या भागातली बरीच कुटुंबं बिदर, गुलबर्ग्याकडून किंवा सोलापूर-उस्मानाबादकडून आलेली. पोरगा मुंबईत जन्मला, मुंबईत शिकला. आयटीआयला राखीव जागेतून अर्ज करायचा तर जातीचा दाखला हवा. त्यासाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा महाराष्ट्रातला पुरावा लागतो. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा फुटपाथवर राहिले, शाळेत गेले नाहीत, गावाकडे जमीन नाही. पुरावा आणायचा कुठून? कर्नाटकातून नंतर आलेल्यांना दाखला मिळाला तरी इथल्या सवलती मिळत नाहीत. मग पोरगं खुल्या गटातून अर्ज करतं आणि इलेक्ट्रिशियनऐवजी जो ट्रेड उरेल तो घेतं, नाहीतर सोडून देतं.

गावाकडचा पुरावा असलेल्यांचेही दाखले वेळेत होत नाहीत. निकाल लागतो, प्रवेश सुरू होतात आणि तेव्हा पोरगं सेतू केंद्राच्या रांगेत. म्हणून पर्वतीपायथा, तुमच्या अभ्यासिकेत कुठलाही कोर्स सांगायच्या आधी जानेवारीतच नववी-दहावीच्या मुलांची कागदपत्रं तपासा. एलसीवर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) नाव, आधारवर नाव, दोन्हींतलं आडनाव आणि जन्मतारीख जुळते का एवढं बघितलं तरी अर्धी लढाई होते. एलसीवर जात लिहिली आहे की नुसता धर्म, तेही बघा.

---

नेकारकाठ

मी जर्मनीत बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात असतो. इथली आउसबिल्डुंगची पद्धत या चर्चेला धरून आहे म्हणून थोडं सांगतो.

दहावीच्या आसपास शाळा सोडलेला मुलगा इथे आधी कंपनीशी करार करतो. दोन ते साडेतीन वर्षांचा करार, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत. पहिल्या महिन्यापासून पगार, आणि तो दर वर्षी वाढतो. परीक्षा कंपनी घेत नाही, व्यापार मंडळ किंवा कारागीर मंडळ घेतं. म्हणून एकाच मशीनवर वर्षभर उभं करून ठेवलं तर मुलगा परीक्षेत नापास होईल आणि कंपनीचं नाव जाईल. @चाकण चौक यांनी सांगितलेला धोका इथे अशा रीतीने थोपवला आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये याच राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. वस्तीतल्या मुलांना कुणी ते स्वप्न दाखवत असेल तर एवढं सांगा की भाषेशिवाय इथे काहीच नाही. जर्मनची बी-वन पातळी गाठायला वर्षभर तरी झटून अभ्यास लागतो. फुकट नेतो, महिनाभरात नेतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका.

---

डिलिव्हरी बॅग

ताईंनी लिंक पाठवली म्हणून आलो. मीच तो मित्र बाइकवाला, वर लिहिलंय तो. 😊

मी बारावी पास. रिटेलचा कोर्स मी पण केला होता. डिलिव्हरीत आठवड्याला पैसे येतात हे खरं. पण पेट्रोल गेलं, बाइकचं भाडं गेलं, पावसात ऑर्डर जास्त पण घसरलो तर दवाखाना माझाच. मागच्या वर्षी इन्सेन्टिव कमी केला, तेवढ्याच पैशासाठी आता दोन तास जास्त फिरतो. कस्टमरने खोटी कम्प्लेंट केली तर आयडी बंद, कुणाला सांगणार?

लोक म्हणतात पोरांना झटपट पैसा पाहिजे. आम्हाला पण माहितीये हे चाळिशीत जमणार नाही. पण घरात मी थांबलो तर चूल थांबते. मला वायरिंगचं काम येतं, काकांबरोबर सहा-सात वर्षं हेल्पर म्हणून गेलोय. कन्सील वायरिंग, डीबी बसवणं, सगळं करतो. पण कागद नाही म्हणून कॉन्ट्रॅक्टर चारशे-पाचशे रोजावर राबवतो आणि सही दुसऱ्याची घेतो. माझ्यासारख्याला आता काय करता येईल ते सांगा कोणीतरी.

---

कानस आणि गुण्या

@डिलिव्हरी बॅग, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात नेमका आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

आलेल्या कामाचं प्रमाणपत्र देणारी सोय कौशल्य विकास योजनेत आहे, तिला आरपीएल म्हणतात, म्हणजे आधी शिकलेल्या कामाला मान्यता. थोडं प्रशिक्षण, मग चाचणी. ते घ्या, पण त्यावर विसंबू नका. त्याने कॉन्ट्रॅक्टरची सही सुटणार नाही. वायरिंगचं काम अधिकृतपणे करायला तारतंत्री परवाना लागतो, म्हणजे वायरमनचा. तो ऊर्जा विभागाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो. त्याच्या अटी मंडळाकडून लेखी घ्या, ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नका.

पक्की वाट आयटीआयच्या वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेडची, दोन्ही दोन वर्षांचे. वयाची वरची अट आड येत नाही. काही संस्थांमध्ये दुसऱ्या पाळीच्या तुकड्या असतात. दुपारनंतरची बॅच मिळाली तर सकाळी डिलिव्हरी, नंतर वर्ग असं जमतं का बघा. सोपं आहे असं सांगत नाही. माझ्याकडे एक मुलगा सकाळी दूध टाकून वर्गाला यायचा, आज त्याच्या हाताखाली चार माणसं आहेत. एवढ्या वर्षांचा हात तुमच्याकडे आहे, तो वर्गात फार कामाला येईल. तुमच्यासारखी मुलं बाकीच्यांना शिकवतात, हे मी दर वर्षी बघतो.

दहावी नापास असलेल्यांसाठीही सांगतो, कारण इथे कुणीतरी वाचत असेल: वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुइंग टेक्नॉलॉजी अशा काही ट्रेडना तुम्हालाही अर्ज करता येतो. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण झाल्यावर भाषा विषयांची परीक्षा देऊन दहावीची समकक्षताही मिळवता येते.

---

चाकण चौक

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा उल्लेख राहिला म्हणून लिहितो. २०२४ मध्ये सुरू झाली, १८ ते ३५ वयोगट, बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीला १०,०००, पैसे सरकार देतं. आधी सहा महिने होती, नंतर मुदत वाढवली. आमच्याकडेही काही मुलं आली. पैसा शिकताना मिळतो हे चांगलंच. पण बरीच मुलं सरकारी कार्यालयांत गेली, तिथे फायली लावल्या आणि मुदत संपल्यावर 'आम्हाला कायम करा' म्हणून आंदोलनं करावी लागली. त्यांचा राग मला समजतो. ज्या कार्यालयात पुढे जागाच निघणार नाही तिथे प्रशिक्षण देऊन काय साधलं? तीच मुलं कारखान्यांत, हॉस्पिटलांत, वर्कशॉपमध्ये गेली असती तर निदान हातात काम आलं असतं.

---

सदाशिवातली शिवानी

पर्वतीपायथा ताई, एक विचारू का? पहिल्या पगारापर्यंतचा जो दीड महिना आहे, त्याची सोय आपल्यापैकी काही जण मिळून करू शकतो का? दान नको. बिनव्याजी उसने, पहिल्या तीन पगारांत थोडे थोडे परत. एका मुलामागे बसचा पास, बूट आणि घरात द्यायला तीन-चार हजार, असं साधारण सात-आठ हजार लागतील. परत आले की पुढच्या मुलाला. मी सुरुवात करायला तयार आहे.

---

कुर्ला टर्मिनस

अनुमोदन. फक्त एक अट घाला. पैसे मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या खात्यात द्या आणि आईला विश्वासात घ्या. आमच्याकडे असा प्रयत्न झाला होता, तेव्हा दोन घरांत वडिलांनी पैसे काढून घेतले. आईशी आधी बोलणं झालेल्या घरांत तसं झालं नाही.

---

पर्वतीपायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. शिवानी, तुम्हाला निरोप पाठवला आहे. खात्याची आणि आईशी बोलण्याची अट मान्य.

जूनसाठी मी असं ठरवतेय. मुलगा-मुलगी आली की कोर्सची यादी आधी पुढे करायची नाही. आधी घरचा महिन्याचा हिशेब, मग कागदपत्रं, आणि मग वाट. ज्यांच्या घरात दोन वर्षं निभावण्यासारखी आहेत त्यांना आयटीआयचाच आग्रह धरणार. ज्यांची नाहीत त्यांच्यासाठी ॲप्रेंटिसशिपचं पोर्टल, पण मुक्कामापासून तासाभराच्या अंतरात असेल तरच. चाकण-रांजणगाव नको, भोसरी किंवा हडपसरच्या बाजूला शोधणार. छोटा कोर्स नाकारणार नाही, मात्र पहिले तीन महिने दर रविवारी फोन करायला माणूस असेल तितक्याच मुलांना पाठवणार. आमच्याकडे फोन करणारे चौघे आहेत, म्हणजे एका वेळी वीसेक मुलं. आकडा छोटा दिसेल, पण यापुढे टिकलेल्यांची नोंद ठेवायची आहे, लागलेल्यांची नाही. मुलींच्या घरी नोकरी लागायच्या आधीच जाऊन यायचं आणि आईला कामाची जागा दाखवायची, हेही आता कायमचं.

@रात्रपाळीची सिस्टर नव्हे, तुम्ही एखाद्या रविवारी आमच्या मुलींशी बोलायला याल का? येण्याजाण्याचं मी बघते.

@कुर्ला टर्मिनस, एक शंका आहे. आठवीतून शाळा सुटलेली एक मुलगी आहे, आता १९ वर्षांची. शाळेचा मूळ दाखला पुरात गेला. १७ नंबरने दहावीला बसवता येईल का?

---

रात्रपाळीची सिस्टर नव्हे

येईन. माझी नाइट असते त्या आठवड्यात रविवारी दुपारी चारनंतर जमेल.

---

कुर्ला टर्मिनस

बसवता येईल. दहावीसाठी किमान पाचवी पास आणि १४ वर्षं पूर्ण एवढंच बघतात, तिचं दोन्ही होतंय. आधी जुन्या शाळेत जाऊन दुय्यम दाखल्यासाठी अर्ज करा, जनरल रजिस्टरमध्ये तिची नोंद असणारच. शाळा महापालिकेची असेल आणि बंद झाली असेल तर रजिस्टर जवळच्या शाळेत किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या कार्यालयात ठेवलेलं असतं, तिथे विचारा. रजिस्टर नंबर आणि सोडल्याचं वर्ष तिला आठवत नसेल तर तिच्या वर्गातल्या कुणाचा तरी दाखला बरोबर न्या, लिपिकाला पान शोधायला सोपं जातं. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, म्हणून दाखल्याच्या मागे आत्ताच लागा. अडलं तर मला निरोप टाका, फोनवर बोलू.